‘करवाढ नाही’ म्हणतात, मग घरपट्टी दीडपट कशी झाली?

जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘महापालिकेच्या अंदाजपत्रकात कोणतीही करवाढ नाही अशी बातमी वाचून आम्ही निश्चिंत झालो. काही दिवसांतच कर आकारणी विभागाची नोटीस आली आणि आमच्या रो-हाऊसची घरपट्टी जवळपास दीडपट दाखवली आहे. शेजारी म्हणतात, भरू नका, थकबाकीवरच्या दंडात सूट देणारी अभय योजना येईलच. करवाढ नाही म्हणजे नेमके काय नाही? हे अंदाजपत्रक आमच्यासारख्यांनी वाचायचे कसे? आणि हरकत घेऊन काही होते का?’

बातमी खरी आहे आणि तुमच्या हातातली नोटीसही खरी आहे. बातमी दराबद्दल बोलते, नोटीस मूल्याबद्दल. घरपट्टी या दोहोंच्या गुणाकाराने ठरते. सभागृहाने दर जागच्या जागी ठेवला आणि कर आकारणी विभागाने तुमच्या घराचे मूल्य वाढवले, तर अंदाजपत्रकात करवाढ शून्य आणि तुमच्या बिलात दीडपट, हे पूर्णपणे कायद्यात बसते. माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली, पालिकांची दफ्तरे तपासण्यात. निवृत्तीनंतर सोलापुरात मिळकत कराच्या हरकती आणि सुनावण्या बघतो. ‘पण साहेब, पेपरात तर…’ हे वाक्य त्या सुनावण्यांत सगळ्यात जास्त ऐकू येते.

आधी हिशेब बघू. करयोग्य मूल्याची आपल्याकडची पद्धत अशी की, घर भाड्याने दिले असते तर वर्षाला वाजवी भाडे किती आले असते ते धरायचे, दुरुस्तीपोटी त्यातले १० टक्के वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेवर ठरलेल्या टक्केवारीने कर लावायचा. समजा, तुमचे बांधकाम ५६ चौरस मीटर नोंदले आहे, भाड्याचा दर चौरस मीटरला महिना २० रुपये धरला आहे आणि सगळे कर मिळून ४० टक्के होतात. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, आपल्या पालिकेचे दर म्हणून वाचू नका.) वर्षाचे भाडे १३,४४० रुपये, १० टक्के वजा जाता १२,०९६, आणि कर ४,८३८ रुपये.

आता फेरसर्वेक्षण झाले. मोजणीवाला पोरगा टेप आणि टॅब घेऊन आला. त्याने बंदिस्त केलेली बाल्कनी आणि जिन्याखालची खोली धरून ९ चौरस मीटर वाढवले. पुढच्या खोलीत तुमच्या सूनबाई ब्युटी पार्लर चालवतात, त्या १२ चौरस मीटरला बिगरनिवासी म्हणून ६० रुपये दर लागला. म्हणजे ५३ चौरस मीटर २० रुपयांनी आणि १२ चौरस मीटर ६० रुपयांनी. महिन्याचे १,७८०, वर्षाचे २१,३६०, वजावटीनंतर १९,२२४, आणि ४० टक्क्यांनी ७,६९० रुपये. जवळपास ५९ टक्के वाढ, आणि दर एका पैशानेही हललेला नाही. त्यातही बिगरनिवासी भाग आला की राज्याचा रोजगार हमी उपकर लागतो, जो राहत्या घराला नसतो. शिक्षण उपकराचे टप्पे मूल्यावर असतात, मूल्य वाढले की टप्पाही बदलू शकतो. म्हणजे खरे बिल माझ्या या हिशेबापेक्षा थोडे जास्तच येईल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. बिलावरचे सगळे पैसे पालिकेचे नसतात. सामान्य कर, पाणी आणि मलनि:सारणाशी निगडित कर, अग्निशमन, वृक्ष उपकर या पालिकेच्या बाबी. शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर मात्र १९६२च्या राज्याच्या कायद्याखाली पालिका फक्त गोळा करते आणि शासनाकडे भरते. त्यामुळे ‘एवढी घरपट्टी घेतात आणि रस्ता करत नाहीत’ म्हणताना त्यातला एक भाग मुंबईला जातो हे ध्यानात असू द्या.

मग फेरमोजणी आत्ताच का निघाली? याचे उत्तर थोडे मागून सांगावे लागेल.

सोलापूरची नगरपालिका जुनी, ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढवणारी. १ मे १९६४ रोजी ती महापालिका झाली. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावे शहरात आली. शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले, पूर्वीच्या पाचपट-साडेपाचपट. क्षेत्र एका अधिसूचनेने वाढते, ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनी मात्र मीटर-मीटरने वाढतात. आजही पालिकेत ‘शहर’ आणि ‘हद्दवाढ’ असे दोन शब्द कराच्या कामात सर्रास वापरले जातात, झोपडपट्ट्यांसाठी ‘गवसु’ (गलिच्छ वस्ती सुधारणा) हा तिसरा. तुमचे जुळे सोलापूर याच हद्दवाढीचे लेकरू. तिथे वस्ती प्लॉट-प्लॉटने वाढली. आधी मोकळा प्लॉट, मग दोन खोल्या, मग वरचा मजला, मग भाडेकरू. यातले प्रत्येक पाऊल दप्तरात चढलेच असे नाही.

आणि चढवण्याची फार घाईही कुणाला नव्हती, कारण पालिकेचे घर जकातीवर चालत होते. नाक्यावर रोज रोकड यायची. चादरी-टॉवेलचा माल बाहेर जायचा, सूत आत यायचे, आणि शहराचा व्यापार वाढला की पालिकेचे उत्पन्न आपोआप वाढायचे. अशा वेळी मतदाराच्या दारात जाऊन घरपट्टी वाढवायची कुणाला हौस असणार? जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची एलबीटी रद्द झाली, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलीही संपली. बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देते. त्यासाठी २०१७ सालीच कायदा झाला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ.

८ टक्के ऐकायला बरे वाटतात. पण महागाई भत्ता, सातवा वेतन आयोग, निवृत्तिवेतन, उजनीहून पाणी उचलण्याचे वीजबिल, कचऱ्याचे ठेके हे सगळे याच पैशातून निघते. भरपाईचा बराचसा भाग पगार-पेन्शनमध्येच संपतो. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा असा शासनाचा दंडक आहे. तो पाळणे राज्यातल्या अनेक पालिकांना जमत नाही, आणि पाळलेला दिसला तर आधी पदे किती रिक्त आहेत ते बघावे, असे मी लेखापरीक्षणातल्या नव्या पोरांना सांगायचो.

हातात उरतो तो मिळकत कर. त्यात केंद्राने आणखी एक पाचर मारली. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली की राज्याने मिळकत कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी जुळेल अशी वाढत जावी. वसुली वाढली नाही तर अनुदानावर गदा. २०११च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार, म्हणजे दहा लाखांच्या आतले शहर. या गटाला त्या आयोगाने दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, फक्त ४० टक्के मोकळा. पाणी-मलनि:सारणाच्या ‘अमृत २.०’ या केंद्रीय योजनेत याच गटाला केंद्राचा वाटा एक तृतीयांश मिळतो, बाकी राज्याने आणि पालिकेने घालायचे. पालिकेचा हा हिस्सा आणायचा कुठून? दर वाढवला तर पेपरात मथळा, मोर्चा आणि सभागृहात गोंधळ. मूल्य वाढवले तर घरटी एक नोटीस, आणि एकेकट्या माणसाचा आवाज इंद्रभुवनापर्यंत, म्हणजे पालिकेच्या मुख्य इमारतीपर्यंत, पोचत नाही. मी हा डाव म्हणून सांगत नाही. न नोंदलेले बांधकाम नोंदणे हे प्रशासनाचे कर्तव्यच आहे, आणि वर्षानुवर्षे दोन खोल्यांचा कर भरून तीन मजले वापरणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण ‘करवाढ नाही’ हे शब्द मथळ्यात टाकून लोकांना निश्चिंत करणे अप्रामाणिक आहे. उत्पन्नाचा अंदाज वाढवला आहे, म्हणजे कुणाच्या तरी खिशातून ते पैसे येणार आहेत, एवढे तरी आयुक्तांच्या निवेदनात स्पष्ट यावे.

आता अंदाजपत्रक वाचण्याबद्दल. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीकडे देतात, समिती आपल्या दुरुस्त्यांसह ते सभागृहापुढे ठेवते आणि ३१ मार्चपूर्वी सभागृह ते मंजूर करते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर नवी निवडणूक होईपर्यंत मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते, प्रशासक. पण तुमच्या दृष्टीने खरी तारीख ३१ मार्च नाहीच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ९९व्या कलमाप्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठते, पाळणे उतरतात आणि महिनाभरात दरांचा ठराव झालेलाही असतो. लोक जागे होतात मार्चअखेर, अंदाजपत्रकाच्या सभेत बाके वाजायला लागली की. तोपर्यंत करांचे प्रकरण मिटलेले असते आणि भांडण चालू असते ते प्रभागाच्या निधीवरून. नागरिकांच्या संघटनेला किंवा व्यापाऱ्यांना दराबद्दल काही म्हणायचे असेल तर ते जानेवारीत लेखी द्यावे.

पुस्तक हातात आले की शेवटचा रकाना, म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज, तूर्त झाकून ठेवा. बातम्या सगळ्या त्याच रकान्यावरून होतात. प्रत्येक शीर्षासमोर गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा असते, चालू वर्षाचा मूळ अंदाज असतो, चालू वर्षात आजवर किती आले ते असते, आणि मग सुधारित अंदाज. समजा, मिळकत करासमोर मूळ अंदाज २५० कोटी, पहिल्या नऊ महिन्यांत आले ९० कोटी, सुधारित अंदाज २२० कोटी आणि पुढच्या वर्षासाठी २८० कोटी, असे काल्पनिक आकडे दिसले. नऊ महिन्यांत ९० आले, तर उरलेल्या तीन महिन्यांत १३० येणार कसे? मार्चमध्ये वसुली जोरात असते हे खरे, जप्तीची पथके फिरतात, नळ तोडतात, तरी त्यालाही मर्यादा आहे. मग २८० कशाच्या जोरावर? उत्तर खर्चाच्या बाजूला सापडते. आधी कामांची यादी ठरली, तिची बेरीज झाली, आणि ती बसावी म्हणून जमेची बाजू ताणली. किती आहेर येईल ते मनाशी धरून मांडवाची सुपारी द्यावी, तसला हा कारभार.

‘शिलकी अंदाजपत्रक’ या शब्दावर तर मुळीच भाळू नका. वर्षअखेर शिल्लक दाखवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तूट दाखवणारे अंदाजपत्रक मांडताच येत नाही. तूट असते, पण ती कागदावर येत नाही, ठेकेदारांच्या न दिलेल्या बिलांत जाऊन बसते. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात ‘मागील देणी’ किंवा ‘दायित्व’ या नावाखाली तिचा एक तुकडा दिसतो. म्हणून कुठल्याही पालिकेची खरी प्रकृती बघायची तर मी आधी दोन गोष्टी मागतो : अपुऱ्या राहिलेल्या आणि झालेल्या कामांची थकलेली बिले किती, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचे उपदान (ग्रॅच्युइटी) व वेतनफरक किती वर्षांचे अडकलेत. या दोन उत्तरांनंतर पुढचा रकाना वाचला की त्यातली कुठली कामे होणार आणि कुठली नुसती छापलेली आहेत, ते बऱ्यापैकी उमगते.

भांडवली बाजूचे मोठे आकडे बघून हरखूनही जाऊ नये आणि चिडूही नये. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ च्या जानेवारीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले. त्या योजनेचा पैसा वेगळ्या कंपनीकडून खर्च झाला. पण बांधलेली वास्तू चालवायची, तिचे दिवे, तिचा रखवालदार, तिची दुरुस्ती हे कायमचे महसुली खर्च शेवटी पालिकेच्याच पदरात येतात. कुठल्याही योजनेचे उद्घाटन झाले की पुढच्या अंदाजपत्रकात तिच्या देखभालीची तरतूद शोधा. बहुधा सापडत नाही.

महसुली खर्चात काही रकमा आधीच बांधलेल्या असतात. महिला व बालकल्याण, मागास घटक, दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. परिवहनची बससेवा स्वतःच्या पायावर उभी नाही, तिला पालिकेने हात द्यावा लागतो. मग राहते पाणी, आणि सोलापुरात पाण्यावर थांबावेच लागते.

आपण उजनीहून शंभरहून अधिक किलोमीटर लांबून पाणी आणतो, टाकळीला भीमेतून उचलतो, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून घेतो. उजनीच्या लाइनीत प्रत्येक लिटरला वीज लागते. टाकळीसाठी नदीत पाणी सोडावे लागते आणि त्यातले बरेच वाटेतच मुरते, उपसले जाते. एवढे करून नळाला पाणी रोज नाही, काही दिवसांआड. पाणीपट्टी मीटरवर नाही, वर्षाची ठोक. घरात दोन माणसे असोत की बारा, अर्ध्या इंची नळाला पट्टी तीच. या पट्टीतून पाण्याचा खर्च निघत नाही, तूट सामान्य उत्पन्नातून भरली जाते. म्हणजे तुमच्या घरपट्टीतला काही हिस्सा पाण्याच्या विजेवर जातो. पाणीपट्टी वाढवायची सूचना आली की ‘आधी रोज पाणी द्या’ असे उत्तर येते. ते रास्तच आहे. पण रोज पाणी द्यायचे तर टाक्या, वितरणाच्या लाइनी आणि पंप चालवण्याचा खर्च वाढणार, आणि तो वाढवायला पैसा नाही. माझे मत विचाराल तर पाणी किती दिवसांआड येते त्याला पट्टी जोडावी. दिवस कमी करून दाखवा आणि त्या प्रमाणात वाढवा. आजच्या पाण्याला उद्याचा दर लावणे लोक सहन करणार नाहीत, करूही नये.

हाच मुद्दा हद्दवाढ भागात मलनि:सारणाच्या बाबतीत येतो. तुमच्या रस्त्यावर ड्रेनेज लाइन नसेल, घराला सेप्टिक टँक असेल आणि बिलात मलनि:सारणाचा कर लागला असेल, तर ती स्वतंत्र हरकत आहे. सेवा नसलेल्या ठिकाणी तिचा कर कोणत्या तरतुदीखाली लावला, हे लेखी विचारा. मूल्याच्या भांडणात लोक ही ओळ वाचायचीच विसरतात.

आणखी एक तक्रार तुमच्या भागातून नेहमी येते. नवी पेठेत, मधल्या मारुतीजवळ भर बाजारातल्या दुकानाची पट्टी आमच्या फ्लॅटपेक्षा कमी कशी? कारण जुन्या मिळकतींचे मूल्य जुन्या भाड्यांवर गोठलेले असते. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या घराचे वाजवी भाडे त्या कायद्याने ठरणाऱ्या ‘प्रमाण भाड्या’पेक्षा जास्त धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कित्येक दशकांपूर्वीच सांगितले आहे. त्यामुळे नव्या वसाहतींवर आजचा दर आणि जुन्या पेठांवर आजोबांच्या काळचा, अशी विषमता भाडेमूल्य पद्धतीत राहतेच. बाजारभावाशी जोडलेल्या भांडवली मूल्यावर कर लावण्याचा पर्याय कायद्यात आहे, त्याने ही विषमता कमी होईल. पण ते करताना जुन्या वाड्यात राहणारी पेन्शनर मंडळी एका फटक्यात मोडतील. त्यामुळे वाढीला दरसाल कमाल मर्यादा घालूनच तिकडे जावे लागेल. याला राजकीय हिंमत लागते, म्हणून हा पर्याय भाषणात येतो आणि ठरावात येत नाही.

पूर्व भागातल्या हरकती वेगळ्याच असतात. साखर पेठ, अशोक चौकाकडे खाली चार माग आणि वर कुटुंब, ही घराची रीतच आहे. तिथे सर्वेक्षणवाला अख्ख्या घरावर बिगरनिवासी शिक्का मारून जातो. वापरानुसार भाग वेगळे मोजले पाहिजेत. जिना, मधले अंगण, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला धरले ते बघावे. आणि घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या घराला वाणिज्य दर लावलेला दिसला, तर सुनावणीत मी जरा आवाज चढवूनच बोलतो.

आता तुमच्या शेजाऱ्यांकडे येतो. अभय योजनेची वाट बघू नका. कर थकला की महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. दहा हजार रुपये तीन वर्षे थकवले तर नुसती शास्ती ७,२०० रुपये. अभय योजनेत या शास्तीत सूट मिळते, मुद्दल द्यावेच लागते. योजना येईलच असे नाही, आली तरी सूट किती टक्के आणि कोणत्या तारखेपर्यंत ते त्या वेळी ठरते. मधल्या काळात थकबाकीदारांच्या यादीत नाव, नळ तुटण्याची टांगती तलवार, आणि घर विकायचे झाले की ‘ना हरकत’साठी धावाधाव. शिवाय बिल भरायला गेलात की बहुतेक ठिकाणी तुमचे पैसे आधी शास्तीत आणि जुन्या बाकीत जिरतात, चालू बिल तसेच उभे.

अभय योजनांबद्दल माझा राग जुना आहे. एप्रिलमध्ये रांगेत उभे राहून वेळेवर भरणाऱ्याला थोडीथोडकी सूट, आणि पाच वर्षे तंगवणाऱ्याला मोठी. हे बघून वेळेवर भरणाराही हळूहळू थांबायला शिकतो. पुढच्या वर्षी वसुली पडते, मग पुन्हा योजना. थकबाकीचे आकडेही फुगलेले असतात. त्यात दुबार नोंदी असतात, पाडलेली घरे असतात, कोर्टात अडकलेल्या मिळकती असतात, आणि या सगळ्यांवर दरमहा शास्ती चढत राहते. ‘इतक्या शे कोटींची थकबाकी’ या मथळ्यातले वसूल होण्याजोगे किती, हे वेगळे काढून दाखवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आधी यादी साफ करा, मग मोठ्या थकबाकीदारांकडे जप्तीचे वॉरंट घेऊन जा. शेवटी गरिबाच्या नळाकडे वळा. प्रत्यक्षात क्रम उलटा दिसतो.

तुम्ही काय करायचे? नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा. हरकतीची मुदत नोटिशीतच दिलेली असते. ती चुकली की पुढचे सगळे दरवाजे जड होतात. झोन कार्यालयात जाऊन आकारणीचा उतारा आणि मोजणीचा तक्ता मागा. तक्त्यात प्रत्येक मजल्याचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, बांधल्याचे वर्ष आणि वापर या चार गोष्टी असतात. चूक यांपैकी एकीत सापडते. बाहेरून मोजले की आतून, ओपन टेरेस बांधकामात धरली का, पत्र्याच्या शेडला स्लॅबचा दर लागला का, घर स्वतः राहता की भाडेकरू दाखवला आहे. भाडेकरूची नोंद फार महागात पडते, कारण भाड्याने दिलेल्या जागेचे मूल्य प्रत्यक्ष भाड्यावरून धरतात. मुलगा पुण्याला नोकरीला गेला म्हणून वरचा मजला भाड्याने दिला असेल आणि नंतर रिकामा केला असेल, तर करार संपल्याचा कागद जोडा.

हरकत अर्जात ‘कर फार आहे, कमी करावा’ असे लिहू नका. त्याला निकाल एकच, फेटाळला. ‘पहिल्या मजल्याचे क्षेत्र तक्त्यात अमुक आहे, मंजूर नकाशाप्रमाणे तमुक आहे, फेरमोजणी व्हावी’ असे लिहा, नकाशा, बांधकाम परवाना, वीजबिल आणि फोटो जोडा, आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. वीजबिल महत्त्वाचे, कारण घरगुती मीटर असेल तर राहत्या वापराला चांगला आधार मिळतो. उलट पार्लर खरेच चालत असेल तर ते नाकारू नका, त्या खोलीचे क्षेत्र नेमके मोजून द्या. खोटे एक सापडले की अधिकारी बाकीचे खरेही ऐकत नाही.

कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाहींचा असतो. हरकत निकालात निघेपर्यंत जुन्या आकारणीइतकी रक्कम तरी हरकत कायम ठेवून भरा आणि तसे पत्र द्या. शास्ती निदान वादातल्या फरकापुरतीच राहते. सुनावणीला स्वतः जा. एजंट पाठवला की प्रकरणाचा बाजार होतो. सुनावणीनंतरही पटले नाही तर ४०६व्या कलमाखाली न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण त्याआधी पालिकेकडे हरकत घेतलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम जमा करावी लागते. मुदतही फार थोडी असते. म्हणून सुनावणीच्या दिवशी तोंडी ‘कमी करून देतो’ ऐकून घरी येऊ नका. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत आणि दुरुस्त झालेला उतारा हातात पडेपर्यंत आठवड्याला एक चक्कर मारा, आणि पुढच्या सहामाहीच्या बिलात नवे मूल्य उतरले आहे का ते बिल आल्या दिवशीच ताडून बघा.